घरातल्या भिंतीवरच्या बुरशीने तब्येतीला नक्की काय होतं, आणि आधी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यात भाड्याचा फ्लॅट, बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर दर पावसाळ्यात काळे ठिपके येतात, कपाट उघडलं की कुबट वास, आणि सहा वर्षांच्या मुलाला जुलैपासून रात्रीचा खोकला आणि सकाळी उठल्या उठल्या शिंकांचा सपाटा. शेजारच्या काकू म्हणतात ही कोविडमधली काळी बुरशीच आहे, घरमालक म्हणतो दिवाळीला रंग मारून देतो, आणि कुणीतरी घरातल्या हवेची टेस्ट करून घ्या म्हणून सांगितलंय. घर सोडायचं का?

मी छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे, आधी विदर्भात आणि आता बरीच वर्षं मुंबईच्या बाजूला प्रॅक्टिस करतोय, आणि हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. म्हणून एकदाच नीट लिहितो, जरा लांबेल.

आधी ती भीती काढून टाकूया. २०२१ मध्ये आपल्याकडे ज्याने लोकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले, तो म्युकरमायकोसिस. तो करणारे जंतू वेगळे, रायझोपस वगैरे, ते मातीत, कुजलेल्या पाल्यात सगळीकडे असतात आणि धडधाकट माणसाला काही करत नाहीत. ज्यांना झाला त्यांची शुगर प्रचंड वाढलेली होती, वर स्टेरॉइड चालू होती, शरीराची लढायची ताकदच गेलेली होती. तुमच्या भिंतीवरचे काळे ठिपके बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम, अल्टरनेरिया, ॲस्परजिलस नायगर असल्या बुरशीचे असतात. रंग काळा म्हणजे जास्त विषारी आणि पांढरी-हिरवी म्हणजे साधी असं काहीही नाही. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा, घरात कुणाची केमो चालू असेल, किडनी बदललेली असेल, शुगर हाताबाहेर असेल किंवा महिनोन् महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या माणसाने त्या खोलीत झोपायचं नाही आणि ती भिंत घासायला तर अजिबात जायचं नाही, कारण ॲस्परजिलस अशा माणसाच्या फुप्फुसात खरंच इन्फेक्शन करू शकतो.

नेटवर दुसरी भीती असते ती ‘टॉक्सिक ब्लॅक मोल्ड’ची, स्टॅकीबॉट्रिस नावाची बुरशी. त्याचं मूळ अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये आहे, तिथे १९९३-९४ च्या सुमारास काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसात रक्तस्राव झाला आणि ओल आलेल्या घरातल्या या बुरशीवर बोट ठेवलं गेलं. पुढे २००० साली सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, ते सगळं पुन्हा तपासलं आणि बुरशीमुळेच झालं असं सिद्ध होत नाही असं सांगितलं. ही दुसरी बातमी फारशी कुणापर्यंत पोचली नाही. बुरशीचं विष पोटात जाऊन माणूस दगावतो हे मात्र पक्कं आहे. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात पावसात भिजून बुरशी धरलेला मका खाऊन शंभरावर माणसं लिव्हर खराब होऊन गेली, ते अफ्लाटॉक्सिन. म्हणून खवट, बुरसटलेले शेंगदाणे किंवा मका धुऊन पुसून वापरू नका आणि ब्रेडचा बुरशी आलेला कोपरा कापून बाकीचा खाऊ नका. पण हे खाण्याचं झालं, भिंतीवरच्या बुरशीचा त्रास वेगळ्या वाटेने होतो.

ती वाट म्हणजे ॲलर्जी आणि दाह. बुरशी हवेत बीजाणू सोडते, स्पोर म्हणतात ते, आणि ते इतके बारीक असतात की ॲस्परजिलस फ्युमिगेटसचा स्पोर जेमतेम २ ते ३ मायक्रॉन भरतो, म्हणजे नाकात न अडकता थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जाऊ शकतो. मोठे असतात ते नाकात, घशात, डोळ्यात बसतात. ज्याच्या शरीराची ठेवण ॲलर्जीची आहे त्याला मग शिंका, नाक गळणं, नाक चोंदणं, डोळ्यांना खाज, कोरडा खोकला, छातीत शिट्टी, आणि दमा आधीपासून असेल तर तो उसळतो. ॲलर्जी नसलेल्यांनाही घसा खवखवणं आणि डोकं जड होणं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावर वेगळी मार्गदर्शिकाच काढली, आणि बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब केला तर ओलीच्या घरात राहणाऱ्यांमध्ये खोकला, धाप, दमा हे प्रकार साधारण ३० ते ५० टक्क्यांनी जास्त दिसतात. शिवाय त्याच ओलीवर गाद्या-उशांमधले डस्ट माइट, म्हणजे धुळीतले डोळ्याला न दिसणारे किडे, पण वाढतात, त्यामुळे मुलाचा खोकला निव्वळ बुरशीचा आहे की माइटचा आहे हे बरेचदा वेगळं काढता येत नाही, आणि काढायची गरजही नसते, कारण ओल गेली की दोघांचं बस्तान उठतं.

मुलाला रात्रीच का होतं? पलंग त्याच भिंतीला टेकलेला आहे का ते आधी बघा. आठ-नऊ तास तोंड त्या भिंतीकडे, खिडकी पावसामुळे बंद, दोरीवर ओले कपडे, वर फुल स्पीडवर पंखा. आज रात्रीच पलंग आतल्या कोरड्या भिंतीला न्या किंवा मुलाला दुसऱ्या खोलीत झोपवा. फुकट होणारं काम आहे, आणि आठवडाभरात खोकला निम्म्यावर आला तर कारण कुठे आहे ते तुम्हालाच कळेल.

आता जिथे मला खरी काळजी वाटते त्या गोष्टी सांगतो, कारण साध्या सर्दी-खोकल्याचं निदान होतं, पण या पुढच्या तीन गोष्टी वर्षानुवर्षं सुटतात.

पहिली, एबीपीए, म्हणजे श्वासनळीतल्या ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जी. दमा असलेल्या माणसाच्या श्वासनळीत ॲस्परजिलस मुक्काम ठोकतो, इन्फेक्शन करत नाही पण शरीर त्याच्यावर ॲलर्जीने तुटून पडतं. दमा काही केल्या आटोक्यात येत नाही, मधून मधून ताप, एक्स-रेमध्ये आज इथे डाग उद्या तिथे डाग, कधी थुंकीतून रक्त. आपल्या देशात असा एक्स-रे दिसला की पहिला विचार टीबीचा येतो आणि तो यायलाच हवा, पण थुंकीत टीबीचे जंतू एकदाही सापडलेले नसताना एकेटीचा, म्हणजे टीबीच्या औषधांचा, कोर्स होतो, मग दुसरा होतो, आणि माणूस तसाच. माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या, आधी दोनदा टीबीची औषधं घेऊन झालेली. पिशवीतून एक्स-रेंचा गठ्ठा काढला आणि मग जरा संकोचून एक छोटी डबी काढली, खोकल्यातून काय पडतं ते दाखवायला आणलं होतं. त्यात तपकिरी रंगाचे, चिवट, रबरासारखे तुकडे, श्वासनळीच्या आकाराचेच, एका टोकाला फाटा फुटलेले. ते बघितल्यावर निदान जवळपास झालंच. रक्तात टोटल आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रथिन) हजारांच्या घरात आणि ॲस्परजिलसची आयजीई पॉझिटिव्ह. स्टेरॉइडच्या गोळ्या हळूहळू कमी करत काही महिने दिल्या, कुणाला त्याऐवजी किंवा जोडीला इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं औषध देतो, आणि बाई शाळेत परत शिकवायला लागल्या. म्हणून ज्याला दमा आहे आणि थुंकीतून असे तपकिरी तुकडे पडतात त्याने डॉक्टरांना स्वतःहून सांगा, फोटो काढून दाखवा, लाजू नका. तपासणी म्हणजे रक्ताची एक टेस्ट आहे, टोटल आयजीई ५०० च्या वर आणि ॲस्परजिलसची पॉझिटिव्ह आली तर पुढे सीटी वगैरे बघता येतं.

दुसरी गोष्ट विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांसाठी, आणि हे मी जरा कळकळीने लिहितोय. बुरशी म्हणजे पावसाळा, भिंत आणि कोकण-मुंबई असं डोक्यात बसलंय, पण नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे सगळ्यात मोठी बुरशी कूलरमध्ये असते. मार्चमध्ये गच्चीवरून किंवा माळ्यावरून कूलर उतरवायचा, गेल्या वर्षीच्याच गवताच्या पट्ट्या, टाकीच्या तळाला वाळलेला चिखल, त्यातच पाणी सोडायचं आणि बटण दाबायचं. पहिल्या दिवशी जो वास येतो ना, तो नुसता वास नसतो, वर्षभर साठलेले स्पोर पंख्याने थेट तोंडावर मारले जातात, आणि मग जूनपर्यंत रोज रात्रभर. यातून काही लोकांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो, म्हणजे श्वासातून गेलेल्या अशा कणांवर चिडून फुप्फुसालाच सूज येते. यात दम्यासारखी शिट्टी नसते, चालताना धाप, कोरडा खोकला, अंग मोडून येणं, बारीक ताप, वजन उतरणं असं सुरू होतं आणि लक्ष दिलं नाही तर फुप्फुसाला कायमचे व्रण पडतात, मग ते परत मऊ होत नाही. हे क्वचित होणारं आहे असंही समजू नका. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या आयएलडी रजिस्ट्रीत (आयएलडी म्हणजे फुप्फुसाला सूज येऊन व्रण पडणाऱ्या आजारांचा गट) १,०८४ पेशंट होते, त्यात जवळपास ४७ टक्के लोकांना हाच आजार निघाला, आणि त्या लोकांमध्ये जवळजवळ निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी होता. कबुतरांच्या विष्ठेनेही हाच आजार होतो, म्हणून आम्ही अशा पेशंटला आधी विचारतो घरी कूलर कसला, खिडकीत कबुतरं बसतात का, भिंतीला ओल आहे का. डॉक्टरने नाही विचारलं तर तुम्ही सांगा. आणि कूलर वापरूच नका असं मी विदर्भातल्या माणसाला मे महिन्यात सांगणार नाही, ते शक्य नाही. पट्ट्या दर वर्षी नव्या, आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करायची म्हणजे डेंग्यूच्या डासांचाही बंदोबस्त होतो, सकाळी पाण्याचा पंप बंद करून थोडा वेळ नुसता पंखा चालवून पट्ट्या सुकवायच्या, आणि सीझन संपला की ओल्या पट्ट्यांसकट कूलर झाकून ठेवायचा नाही.

तिसरी गोष्ट जुना टीबी. टीबी बरा झाला तरी कधी कधी फुप्फुसात पोकळी राहते आणि त्या पोकळीत ॲस्परजिलस वाढून त्याचा गोळा होतो, आणि मग थुंकीतून रक्त पडतं. टीबी होऊन गेलेल्या माणसाला काही वर्षांनी पुन्हा थुंकीतून रक्त आलं तर टीबी परत आला असं धरून बसू नका, बुरशीची पण तपासणी करा म्हणून आग्रह धरा.

बाकी वारंवार विचारलं जाणारं पटकन सांगतो. गजकर्ण, नायटा भिंतीच्या बुरशीने होत नाही, ती बुरशी वेगळी, ती माणसाकडून माणसाला आणि ओल्या कपड्यांतून येते. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याला पेनिसिलियम बुरशी आलेल्या घरात जास्त धोका असतो असं पण नाही. आणि बुरशीचा खोकला म्हणून मेडिकलमधून फ्लुकोनाझोल ही बुरशीवरची गोळी आणून खाऊ नका, ॲलर्जीवर ते काही करत नाही आणि ॲस्परजिलसवर तर ते चालतच नाही.

आता भिंत. हवेच्या टेस्टवर पैसे घालवू नका. बुरशी डोळ्याला दिसतेय, नाकाला कळतेय, मग आणखी काय शोधायचं? हवेत अमुक इतके स्पोर म्हणजे आजार असा काही आकडा ठरलेलाच नाही. ते पैसे प्लंबरला द्या. शोधायचं ते पाणी.

आधी ती बुरशीच आहे ना बघा. पांढरी भुकटी असेल तर तो भिंतीचा खार असू शकतो, चिमूटभर पाण्यात टाकून बघा, विरघळला तर खार. अर्थात खार म्हणजे पण आत ओल आहेच. मग पाणी भिंतीतून येतंय की खोलीतल्या हवेतलंच दमट भिंतीवर बसतंय हे कळायला एक सोपी युक्ती आहे, हातभर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीच्या बाजूला जमले तर हवेतलं आहे. भिंतीतून येत असेल तर बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा (आपल्याकडे नैर्ऋत्येचा पाऊस ज्या भिंतीवर मारा करतो तिथे जास्त), गच्चीचं वॉटरप्रूफिंग, वरच्या फ्लॅटच्या बाथरूमची नहाणी किंवा भिंतीतला फुटका पाइप, यातलं काहीतरी. पाऊस थांबला तरी ठिपके ओलेच राहतात म्हणजे पाइप किंवा वरचं बाथरूम बघायचं.

हवेतलं असेल तर ते बरंचसं आपल्या हातात आहे. मशीनमधून पिळून काढलेले एका खेपेचे कपडे खोलीत वाळवले तर साधारण दोन लिटर पाणी त्या हवेत जातं. ते बाल्कनीत किंवा एका खोलीत पंखा लावून दार बंद करून वाळवा, मुलाच्या खोलीत नको. स्वयंपाक, अंघोळ झाली की एक्झॉस्ट चालू. जुलैत मुंबईत बाहेरच ८५-९० टक्के आर्द्रता असते तेव्हा नुसती खिडकी उघडून खोली सुकत नाही, एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर, आणि एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. आर्द्रता मोजायचा छोटा मीटर स्वस्तात मिळतो, ६० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा, पावसाळ्यात रोज जमणार नाही पण निदान रात्री मुलाच्या खोलीत. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागे हवा खेळू द्या. ऊन पडलं की गाद्या गोधड्यांना ऊन द्या. कपाटातल्या कुबट वासावर डांबरगोळ्या टाकतात, त्याने बुरशी मरत नाही, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर कधीच ठेवू नका, जी६पीडी (रक्तपेशींना जपणारं एक एन्झाइम) कमी असलेल्या बाळाच्या रक्तपेशी त्याने फुटतात, कावीळ होते. वास घालवायला धूप-उदबत्ती लावाल तर खोकणाऱ्या मुलाला तो धूर वेगळा त्रास.

साफ करताना. साधारण तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतची बुरशी घरच्या घरी काढता येते, त्याहून मोठी असेल, किंवा पुराचं पाणी शिरलेलं असेल जसं २०१९ ला सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ ला चिपळूणला झालं, तर माणसं लावून, प्लास्टर खरवडून करायचं काम आहे, आणि भिजलेल्या कापसाच्या गाद्या वाचवत बसायचं नाही. मुलाला बाहेर पाठवा, पंखा बंद, एन-९५ मास्क, हातमोजे, डोळ्याला चष्मा. कोरड्या झाडूने किंवा ब्रशने अजिबात झाडू नका, एका फटक्यात लाखो स्पोर घरभर होतात. आधी पाण्याचा फवारा मारून ओलं करा, मग साबणाच्या पाण्याने फडक्याने पुसा, सुटलेले पोपडे ओले असतानाच खरवडा, फडकं पिशवीत बांधून फेका. टाइल्सवर ब्लीच ठीक आहे, पण प्लास्टरवर ब्लीच वरचा रंग घालवतं आणि पाणी आत शिरतं, मुळं तशीच. आणि ब्लीचमध्ये टॉयलेटचं ॲसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू होतो, असे पेशंट मी ऑक्सिजनवर बघितलेत.

रंगाबद्दल. ओल न काढता वर पुट्टी आणि रंग मारला की दोन-चार महिने छान दिसतं आणि मागे सगळं चालू राहतं. इंग्लंडमध्ये रॉचडेलला अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं मूल डिसेंबर २०२० मध्ये गेलं, घर बुरशीने भरलेलं, वडिलांनी तक्रार केली होती तर त्यांना वरून रंग मारा असंच सांगितलं गेलं होतं. २०२२ च्या चौकशीत मृत्यूचं कारण घरातली बुरशीच ठरली आणि आता तिकडे सरकारी-संस्थांच्या भाड्याच्या घरांसाठी त्याच्या नावाने कायदा आहे, तातडीचा धोका असेल तर २४ तासांत हालचाल करावी लागते. आपल्याकडे असा कायदा नाही. असं टोकाचं क्वचितच होतं, तुम्हाला घाबरवायला नाही सांगत, पण घरमालक ‘दिवाळीला रंग मारतो’ म्हणाला तर त्याला सांगा आधी गळती, मग भिंत सुकू दे, मग रंग. बाहेरच्या भिंतीची, गच्चीची, कॉमन पाइपची गळती साधारणपणे सोसायटीने करायची असते आणि फ्लॅटच्या आतल्या बाथरूम-सिंकची ज्याच्या त्याच्या खर्चाने, त्यामुळे घरमालकाकडून सोसायटीला लेखी पत्र जाऊ दे, तारखेचे फोटो जोडून. नुसतं वॉचमनला किंवा सेक्रेटरीला जिन्यात सांगून काही होत नाही.

घर सोडायचं का? लगेच नाही. पलंग हलवा, कपडे बाहेर, भिंत साफ, पत्र द्या. पण मुलाला दमा निघाला आणि गळती काढायला कुणीच तयार नसेल तर करार संपायची वाट न बघता बदला, आणि नवं घर बघायला पावसाळ्यातच जा, ऑक्टोबरनंतर सगळ्या भिंती गोऱ्या दिसतात. कपाटांच्या मागे आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात हात लावून बघा.

आणि मुलाला दाखवून घ्या, भिंतीची कामं होईपर्यंत थांबू नका. सहा वर्षांचं मूल बहुतेक वेळा फुंकायची टेस्ट, स्पिरोमेट्री, नीट करू शकतं. डॉक्टरांनी इन्हेलर दिला तर घाबरू नका, पंपाची सवय लागते ही समजूत जाता जात नाही पण तसं नसतं, गोळी-सिरपपेक्षा कितीतरी कमी औषध थेट जागेवर जातं, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी, लावून द्या आणि घेतल्यावर चूळ भरायला लावा. जाताना भिंतीचा फोटो आणि खोकल्याचा रात्रीचा व्हिडिओ घेऊन जा, आणि गावी किंवा आजीकडे गेल्यावर खोकला कमी होतो का ते सांगा. बोलताना वाक्य तुटत असेल, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर वाटत असतील, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच वेळी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्यायचं.